हिस्सा आणि वहिवाट

बेळगावच्या शहापूर भागात फुटबॉलवरचे बोलणे बहुधा दुसऱ्या गावांच्या संघांविषयी चालते. चोर्ला घाटापलीकडचा एफसी गोवा, उत्तरेला कोल्हापूरच्या पेठांचे संघ आणि दूरचित्रवाणीने घरात आणलेले मँचेस्टर युनायटेड वा बार्सिलोना अशा तीन अंतरांवरच्या निष्ठा एकाच कट्ट्यावर नांदतात, आणि सेंट पॉल्सच्या मैदानावरील फादर एडी स्मृती आंतरशालेय स्पर्धेत खेळलेला माणूस पन्नाशीतही या बोलण्यात हक्काने भाग घेतो. एखादा धनाढ्य गुंतवणूकदार अशा एखाद्या संघातील आपला हिस्सा वर्षागणिक वाढवीत असल्याचे कळले, की या बोलण्यात दोन वाक्ये हमखास येतात. "पैसा त्येचा हाय, मग बोलणार की त्यो" हे एक. आणि "पैसा घातला म्हणून काय झालं, टीम आमची हाय" हे दुसरे. ही वाक्ये दोन पक्षांची असती तर प्रश्न सोपा होता. परंतु ती पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडून पाच मिनिटांच्या अंतराने निघतात, आणि त्याला त्यात विसंगती जाणवत नाही. ज्याच्या नावावर एकही भाग नाही, ज्याने अनेकदा त्या संघाचे मैदान डोळ्यांनी पाहिलेलेही नाही, तो "आमची" म्हणतो तेव्हा नेमका कोणता संबंध सांगत असतो, हा प्रश्न क्रीडेचा वाटला तरी धर्मशास्त्राचा आणि तत्त्वज्ञानाचा आहे, आणि भारतीय परंपरेने त्यावर बराच सूक्ष्म विचार केलेला आहे.

आधुनिक व्यावसायिक क्लब ही कायद्याने बहुधा कंपनी असते. तिचे भांडवल भागांत विभागलेले असते, ज्याच्याकडे अधिक भाग त्याला अधिक मते, आणि ज्याच्याकडे निम्म्याहून अधिक मते त्याच्या हाती कारभार, असा सामान्य नियम आहे. तथापि या नियमालाही मुरड पडते. ब्रिटिश उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ यांनी २०२४ च्या फेब्रुवारीत मँचेस्टर युनायटेडचा सुमारे २७.७ टक्के हिस्सा घेतला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी भांडवल घालून तो २९ टक्क्यांच्या जवळ नेला. बहुमत २००५ पासून ज्या ग्लेझर कुटुंबाकडे आहे त्याच्याकडेच राहिले, पण प्रत्यक्ष फुटबॉलचा कारभार मात्र रॅटक्लिफ यांच्या गटाकडे सोपवला गेला. मालकी एकाकडे आणि वहिवाट, म्हणजे वस्तूची रोजची व्यवस्था पाहण्याचा अधिकार, दुसऱ्याकडे, ही विभागणी मराठी वाचकाला अपरिचित नाही. देवस्थाने, इनामे आणि वतने यांचा इतिहास तिनेच भरलेला आहे, आणि खुद्द शहापूर हे गाव १९४८ पर्यंत सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात असल्यामुळे, लगतचे बेळगाव इंग्रजांच्या थेट अमलाखाली आणि हाकेच्या अंतरावरची पेठ मात्र संस्थानी, अशी विभागलेली सत्ता येथील जुन्या पिढ्यांनी रोजच्या व्यवहारात अनुभवलेली होती.

धर्मशास्त्रात वस्तू आणि स्वामी यांच्यातील संबंधाला 'स्वत्व' म्हणतात. गौतमाच्या धर्मसूत्रात ते उत्पन्न होण्याचे मार्ग मोजून दिले आहेत: रिक्थ म्हणजे वारसा, क्रय म्हणजे खरेदी, संविभाग म्हणजे वाटणी, परिग्रह म्हणजे कोणाच्याच मालकीची नसलेली वस्तू प्रथम ताब्यात घेणे, आणि अधिगम म्हणजे हरवलेले वा गाडलेले धन सापडणे. गुंतवणूकदाराचा संबंध यांपैकी क्रयाचा आहे आणि त्यात काहीही संदिग्ध नाही. समर्थकाचा संबंध मात्र सहजासहजी कोणत्याच मार्गात बसत नाही. त्याने विकत काही घेतले असेल तर ते तिकीट वा जर्सी, आणि तिकिटाने नव्वद मिनिटांची जागा मिळते, संघ मिळत नाही. तरीही बोलताना तो ज्या मार्गाचा आधार घेतो तो रिक्थाचा असतो. आजोबांपासून घरात हाच संघ आहे, असे तो सांगतो आणि जणू त्या सांगण्यानेच दावा सिद्ध झाला असे मानतो.

या दाव्याला विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत एक अनपेक्षित पाठिंबा सापडतो. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही टीका अकराव्या शतकाच्या अखेरीस वा बाराव्याच्या आरंभी कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, चालुक्य नृपती सहाव्या विक्रमादित्याच्या काळात लिहिली गेली, आणि वडिलार्जित धनावर पुत्राचे स्वत्व जन्मानेच उत्पन्न होते, हा तिचा प्रसिद्ध सिद्धान्त आहे. पित्याच्या हाती कारभार असला तरी वडिलार्जित स्थावर त्याला पुत्रांच्या संमतीवाचून परस्पर विकता येत नाही, कारण जे अजून हक्क बजावू शकत नाहीत त्यांचाही त्यात हक्क आहे. बंगालमध्ये प्रमाण मानल्या गेलेल्या जीमूतवाहनाच्या दायभागाने याउलट भूमिका घेतली आणि पित्याचे स्वत्व संपल्यावरच पुत्राचे उत्पन्न होते असे प्रतिपादिले. गंमत अशी, की १८८९ मध्ये स्थापन झालेल्या मोहन बागानच्या फुटबॉल विभागाचा ८० टक्के हिस्सा २०२० मध्ये उद्योगपती संजीव गोयंका यांच्या समूहाकडे गेला आणि संघाच्या नावाआधी 'एटीके' ही अक्षरे लागली, तेव्हा दायभागाच्या त्या प्रदेशातील समर्थक जो युक्तिवाद करीत होते तो पूर्णपणे मिताक्षरेचा होता: हा संघ आम्हाला जन्माने मिळाला आहे, तो परस्पर विकणारे तुम्ही कोण?

तथापि जन्मस्वत्वाचा आधार फार दूर नेता येत नाही. पुत्राचा हक्क मोजता येतो, वाटून मागता येतो, त्याच्या हिश्शाचे शेत वेगळे काढून देता येते. समर्थक आपला वाटा वेगळा काढून मागू लागला तर त्याच्या हाती काय द्यावे? त्याला स्वतःलाही वाटणी नको असते. वाटल्यावर जे उरणार नाही तेच त्याला हवे असते. म्हणून त्याच्या दाव्याचे खरे स्वरूप वारशाच्या प्रकरणात न शोधता मीमांसेतील एका जुन्या वादात शोधणे अधिक फलदायी ठरते.

विश्वजित् नावाच्या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावे असे विधान आहे. मीमांसक हे विधिवाक्यांचा अर्थ काटेकोरपणे लावणारे शास्त्रज्ञ असल्यामुळे जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात लगेच प्रश्न उभा राहतो, की 'सर्वस्व' म्हणजे काय काय? यजमानाने आईवडील देऊन टाकावेत काय, कारण त्यांनाही तो 'माझे' म्हणतो? उत्तर नकारार्थी आहे. 'माझे' हा शब्द नात्यालाही लावला जातो आणि मालकीलाही, परंतु देता येते ते मालकीचेच. त्यानंतरचा प्रश्न अधिक मोठा आहे. यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने पृथ्वी देऊन टाकावी काय? जैमिनीचे उत्तर असे, की भूमी देता येत नाही, कारण ती सर्वांच्या बाबतीत सारखीच आहे. भाष्यकार शबर त्याचे स्पष्टीकरण करताना सांगतो, की शेताचा तुकडा कोणाच्या ताब्यात असू शकतो, पण समग्र भूमीचा स्वामी कोणीच दिसत नाही. राजा पिकांचे रक्षण करतो, त्याबद्दल त्याला ठरावीक भाग मिळतो, आणि त्या भूमीवर राहण्या-वावरण्याच्या बाबतीत इतर प्राण्यांपेक्षा त्याचा विशेष काही नाही. सतराव्या शतकात नीलकंठभट्टाने, ज्याचे भट्ट घराणे मूळचे पैठणचे आणि पुढे काशीत स्थिरावलेले होते, आपल्या व्यवहारमयूखात हाच धागा पुढे नेऊन म्हटले, की राज्य जिंकल्याने राजाला कर घेण्याचा अधिकार मिळतो, शेताचे स्वत्व ज्याचे त्याच्याकडेच राहते. ज्या सीमाभागाने १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपण एका राज्याच्या नकाशातून दुसऱ्याच्या नकाशात कसे गेलो हे पाहिले, तेथे हे विवेचन केवळ यज्ञशाळेतले वाटण्याचे कारण नाही.

क्लबाच्या बाबतीत या भेदाचा उपयोग असा होतो, की विकत घेता येण्याजोगे आणि न येण्याजोगे असे दोन थर त्यात स्पष्ट दिसू लागतात. खेळाडूंचे करार, प्रक्षेपणाचे हक्क, सरावाचे मैदान, बोधचिन्हाची नोंदणी, बँकेतील शिल्लक आणि अर्थातच कर्ज, हे सारे शेताच्या तुकड्यासारखे आहे. त्याची किंमत होते आणि ती चुकती करणारा त्याचा स्वामी होतो. परंतु विशिष्ट रंगाकडे पाहून हजारो लोकांना जे एकदम आठवते, अमुक साली अमुक मैदानावर झालेल्या गोलाविषयी तीन पिढ्या जे बोलत राहतात, आणि परगावी भेटलेल्या दोन अनोळखी माणसांना ज्यामुळे ओळख पटते, ते सर्वांच्या बाबतीत सारखेच आहे. ते विकणाऱ्याच्या मालकीचे कधीच नव्हते, म्हणून ते विकत घेणाऱ्याकडे जाऊ शकत नाही. येथे एक आक्षेप रास्त आहे: गुंतवणूकदार जी किंमत मोजतो ती मुळात या दुसऱ्या थरामुळेच चढलेली असते, मग ते आपल्याला मिळालेच नाही असे त्याला कसे सांगावे? उत्तर शबराच्या राजाकडेच आहे. सुपीक आणि दाट वस्तीच्या प्रदेशाचे राज्य अधिक मोलाचे असते, कारण त्यातून भाग अधिक मिळतो. म्हणून ती वस्ती राजाची होत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे, आणि ते एकदा नव्हे तर लागोपाठ घडलेले आहे. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये उभा केलेला पुणे एफसी हा आय-लीगमधील नीटनेटका, चांगली अकादमी चालवणारा संघ २०१५ मध्ये बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळून थांबला. आणि वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी, ज्यात अभिनेता हृतिक रोशन सहमालक होता, बालेवाडीच्या मैदानावर २०१४ पासून खेळून, २०१७-१८ मध्ये इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचून, २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे लीगमधून गेला. त्याची जागा नव्या मालकांच्या हैदराबाद एफसीला मिळाली, अनेक खेळाडू तिकडे गेले, आणि त्या संघाने २०२२ मध्ये मडगावला अजिंक्यपदही जिंकले. या सर्व व्यवहारांना कायद्याची आडकाठी आली नाही. मालकाचे दिवाळे वाजले की त्याचे दुकान बंद होते, तसे संघ बंद झाले. फक्त नारिंगी जर्सी घालून बालेवाडीला जाणाऱ्या पोरांनी कधी कोणत्या दुकानाला 'आमचे' म्हटले नव्हते.

संघ एका गावातून उचलून दुसऱ्या गावी नेण्याचा अधिकार मालकाला आहे काय, हा प्रश्न भारतीय न्यायालयांसमोर फुटबॉलच्या रूपाने आलेला नसला तरी मूर्तीच्या रूपाने आलेला आहे. कलकत्त्याच्या मलिक कुटुंबात घरच्या देवाच्या सेवेची पाळी भावाभावांत वाटलेली होती आणि आपल्या पाळीत मूर्ती आपल्या घरी नेता येईल की नाही यावरून तंटा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२५ च्या निर्णयात असे ठरले, की मूर्ती ही कोणीही कोठेही हलवावी अशी निव्वळ जंगम वस्तू नाही, तिच्या स्थानाविषयी तिचीही इच्छा विचारात घेतली पाहिजे, त्यासाठी तंट्यात हितसंबंध नसलेला माणूस तिच्या वतीने उभा केला पाहिजे, आणि कुटुंबातील ज्या स्त्रिया सेवा करीत होत्या पण दाव्यात पक्षकार नव्हत्या त्यांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. त्याआधी १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डाकोरच्या रणछोडरायाच्या प्रकरणात, ज्यात वादी म्हणून एक तांबेकर होते, देवापुढे पडणारे द्रव्य सेवकांचे खासगी धन ठरत नाही, देव हाच त्याचा धनी आहे आणि सेवकांनी त्याचा हिशेब दिला पाहिजे, असे सांगितले होते. आणि हा हिशेब मागण्याचा अधिकार भक्तांनाही असल्याचे मान्य केले होते. देवाला न्यायालय 'विधिजन्य व्यक्ती' मानते, म्हणजे रक्तामांसाची नसूनही जिच्या नावे मालमत्ता असू शकते व जी दावा लावू शकते अशी व्यक्ती. कंपनी हीदेखील अशीच विधिजन्य व्यक्ती आहे. दोहोंतला फरक मात्र मोठा आहे: कंपनीला भागधारक असतात, देवाला नसतात. देवाचे पुजारी असतात, वहिवाटदार असतात, भक्त असतात. त्याचे ५१ टक्के कोणाकडेही नसतात.

पंढरपूरचा अनुभव या संदर्भात विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. विठ्ठलाची पूजा आणि उत्पन्न यांवर बडव्यांचा आणि रुक्मिणीच्या बाबतीत उत्पातांचा वंशपरंपरागत हक्क शतकानुशतके चालत आला होता. वारकरी पायी चालत येत होता, त्याच्या येण्यानेच क्षेत्राला मोल होते, आणि कारभारात त्याला शब्द नव्हता. १९४७ मध्ये साने गुरुजींना अस्पृश्य मानलेल्यांच्या प्रवेशासाठी उपोषण करावे लागले. पुढे १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने वंशपरंपरागत हक्क रद्द केले, आणि त्यावरचा न्यायालयीन झगडा २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात संपला. या चार दशकांत वारी एकदाही "विठ्ठल कोणाचा" या निकालासाठी थांबली नाही. वारकऱ्याने मंदिराची मालकी मागितलेलीच नव्हती. त्याची मागणी इतकीच होती, की त्याच्या आणि त्याच्या देवाच्या मध्ये कोणी दाराआड उभे राहून भाव ठरवू नये.

समर्थकाच्या मागणीचे स्वरूप यामुळे स्पष्ट होऊ लागते, आणि धर्मशास्त्रात तिच्यासाठी एक नेमकी संज्ञा आहे. दान आणि उत्सर्ग यांत शास्त्रकारांनी भेद केला आहे. दानात देणारा आपले स्वत्व सोडतो आणि घेणारा ते स्वीकारतो. उत्सर्गात स्वत्व सोडले जाते, परंतु स्वीकारणारा विशिष्ट कोणी नसतो. तळे खोदून त्याचा उत्सर्ग करणारा ते सर्व प्राण्यांसाठी सोडतो, त्यानंतर ते पाणी कोणाला नाकारण्याचा अधिकार त्याला उरत नाही, आणि 'सर्व' या शब्दात तो स्वतःही येत असल्यामुळे त्याने ते पाणी पिण्यास मात्र हरकत नसते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या बृहद् इतिहासात या प्रकरणाचा तपशीलवार ऊहापोह केला आहे. श्रीमंताने आपल्या क्लबात पैसा घालावा, पण तो घालताना तळे सोडणाऱ्यासारखे सोडावे, ही समर्थकाची मनोमन अपेक्षा असते. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. त्यामुळे विश्वनाथ इंदूरच्या होळकरांचा झाला नाही. खर्च त्यांचा, पुण्य त्यांचे, नाव त्यांचे, आणि देव सर्वांचा.

आता येथे समर्थकाची बाजूही तपासली पाहिजे, कारण या अपेक्षेत त्याची बरीच सोय दडलेली आहे. गुंतवणूकदार पुण्य मिळवायला आलेला नसतो. आपण आज घेतलेला हिस्सा उद्या चढ्या भावाने जाईल, या हिशेबाने तो येतो आणि तसे तो लपवीतही नाही. संघ लागोपाठ चार सामने हरला की हाच समर्थक "कोणी तरी पैसेवाला आणा की" म्हणतो, आणि पैसेवाला आल्यावर त्याने अहिल्याबाईंसारखे वागावे असे म्हणतो. म्हणजे व्यापाऱ्याकडून भक्ताचे वर्तन मागतो, आणि ते मिळाले नाही की विश्वासघाताची भाषा करतो. धनिकांनी आपल्या संपत्तीचे विश्वस्त व्हावे, असे सांगणारे महात्मा गांधी १९२४ मध्ये ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते शहापूरपासून जवळच, टिळकवाडीच्या परिसरात भरले होते. विश्वस्तपणाच्या त्या कल्पनेची अडचणही हीच होती, की ती पाळणे वा न पाळणे शेवटी धनिकाच्या मनावर राहते.

त्याहून अवघड गोष्ट जैन परंपरेने सांगितली आहे, जी बेळगाव-निपाणी पट्ट्यात घराघरांत परिचित आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची (येथे अर्थ प्रथम ताबा नव्हे, तर संग्रह) जी व्याख्या आहे ती वस्तू जवळ असण्याशी बांधलेली नाही, तर वस्तूविषयीच्या मूर्च्छेशी, म्हणजे तिच्यात जीव गुंतून भान हरपण्याशी बांधलेली आहे. या कसोटीवर ज्याच्या नावे ३० टक्के भाग आहेत आणि जो ते नफा दिसताच विकून टाकील तो गुंतवणूकदार, आणि ज्याच्या नावे एकही भाग नाही पण पराभवानंतर ज्याला दोन दिवस अन्न गोड लागत नाही तो समर्थक, यांच्यात अधिक परिग्रही कोण? उत्तर समर्थकाला आवडणारे नाही. कोल्हापुरात प्रतिस्पर्धी पेठांच्या समर्थकांतील हाणामारीमुळे सामने थांबवण्याची वेळ आलेली आहे, आणि तेथे कोणाही बाहेरच्या धनिकाचा दोष नव्हता. "आमची टीम" या शब्दांत वारकऱ्याचा विठ्ठल असू शकतो, तसाच भाऊबंदकीतला बांधही असू शकतो. पहिल्यात दुसऱ्याने येऊन बसल्याने काही कमी होत नाही, दुसऱ्यात प्रत्येक शेजारी चोर वाटतो. मात्र मूर्च्छेची ही टीका स्वीकारल्याने समर्थकाचा हक्क बुडतो असे मानणे चूक ठरेल. तळ्यावर भांडणाऱ्या गावकऱ्यांना शहाणपण शिकवावे लागते. त्यासाठी तळे कोणाला विकावे लागत नाही.

तेच कोल्हापूर या विषयात एक वेगळा धडाही देते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालीम मंडळे, शिवाजी तरुण मंडळ वा प्रॅक्टिस क्लब यांसारखे संघ कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धांत शाहू स्टेडियमवर खेळतात. तालीम म्हणजे मुळात कुस्तीची आखाडाशाळा. आत मारुती, बाजूला लाल माती, भिंतीवर जुन्या मल्लांच्या तसबिरी. आणि त्याच तालमीचा गणपती बसतो, त्याच तालमीचा फुटबॉल संघ मैदानात उतरतो. पैसेवाले येथेही आहेत. जर्सीवर पुरस्कर्त्याचे नाव असते, नेत्यांच्या नावाचे चषक असतात, परदेशी खेळाडूंना आणण्याचा खर्च कोणी तरी उचललेला असतो. परंतु तालमीचे भाग बाजारात नसतात आणि ती दुसऱ्या शहरात नेण्याची कल्पनाही हास्यास्पद ठरते, कारण पेठेतून उचललेल्या तालमीत तालीम म्हणून काहीच उरत नाही. या स्थैर्याचे कारण भावनेइतकेच वर्गणीच्या पावतीपुस्तकातही आहे. पातळ कागदाची ती पावती, तिच्यावर मंडळाचे नाव, हाताने लिहिलेली रक्कम आणि खजिनदाराची सही. दुकानदार ती पैसे देऊन फाडून घेतो आणि पुढच्या वर्षी हिशेब विचारतो. सर्वांच्या वस्तूची निगा सर्वांनी राखली, तरच ती सर्वांची राहते, आणि जेथे निगेचा संपूर्ण भार एका खिशावर पडतो तेथे शास्त्र काहीही म्हणो, कालांतराने शब्दही त्याच खिशाचा चालतो. शहापूरच्या कट्ट्यावरून मँचेस्टरवर प्रेम करणाऱ्याला अशी वर्गणी देण्याचा मार्ग नाही, ही त्याच्या निष्ठेची खरी दुर्बलता आहे, आणि ती त्याच्या हाती असलेली चूक नाही.

जर्मनीने या प्रश्नाचे उत्तर नियमात घातले. तेथे १९९८ पासून क्लबाला कंपनी करून बाहेरचे भांडवल घेता येते, पण निम्म्याहून एक मत अधिक हे सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिले पाहिजे. त्याला एक अपवाद ठेवला गेला: ज्याने सलग २० वर्षे एखाद्या क्लबाला भरीव आधार दिला असेल त्याला बहुमत मिळू शकेल. याज्ञवल्क्यस्मृती वाचलेल्या माणसाला हा आकडा पाहून थबकावे लागते. दुसरा कोणी आपली भूमी उपभोगीत असताना तिचा स्वामी ते पाहत राहिला आणि काहीच बोलला नाही, तर २० वर्षांनी तिची हानी होते, आणि जंगम धनाची १० वर्षांनी, असे त्या स्मृतीत सांगितले आहे. विज्ञानेश्वराने हा नियम सौम्य करून हानी होते ती भूमीची नसून त्या काळातील उत्पन्नाची, असा अर्थ लावला. आणि स्मृतीनेच पुढे ज्या वस्तूंना हा नियम लागू नाही त्यांची यादी दिली, ज्यात गहाण वस्तू आहे, बालकांचे धन आहे, आणि सीमाही आहे, याची नोंद सीमाभागातला वाचक आपल्यापुरती घेईलच.

या नियमाचा गाभा वर्षांच्या आकड्यात नाही. पाहणे आणि न बोलणे या दोन अटी एकत्र आल्याशिवाय हानी होत नाही, हे त्यातील मर्म आहे. मालकाने हिस्सा वाढवल्याची बातमी कळल्यावर कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर, सामन्याच्या रांगेत समर्थक जे तासन्तास बोलत असतात त्याला शहाणी माणसे रिकामटेकड्यांची बडबड समजतात; धर्मशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते मौनाचा भंग करणे असते, आणि जोवर मौन भंगलेले आहे तोवर दुसऱ्याच्या उपभोगाने मूळ हक्क बुडत नाही. कार्डिफ सिटीचा निळा रंग मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी २०१२ मध्ये लाल केला आणि समर्थकांचा विरोध न संपल्यामुळे २०१५ च्या जानेवारीत तो पुन्हा निळा झाला, तेव्हा टॅन यांच्या हिश्शात घट झालेली नव्हती. मोहन बागानच्या समर्थकांनी नावाआधीची अक्षरे तीन वर्षे एकदाही निमूटपणे उच्चारली नाहीत, आणि २०२३ च्या मार्चमध्ये गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर अजिंक्यपद जिंकल्याबरोबर गोयंका यांनी ती काढून टाकत असल्याचे जाहीर केले. ८० टक्के त्यांच्याकडेच राहिले. होफेनहाइम या जर्मन क्लबाचे आधारदाते डिटमार हॉप यांना २०१५ मध्ये २० वर्षांच्या अपवादाने बहुमत मिळाले होते. जर्मनीभरच्या मैदानांवर त्याविरुद्ध वर्षानुवर्षे फलक फडकत राहिले, त्यांतले काही अत्यंत असभ्य होते, आणि २०२३ मध्ये हॉप यांनी ते बहुमत कोणताही मोबदला न घेता मूळ संस्थेला परत दिले.